मुंबईत विनामूल्य कला, वास्तू, इतिहास : काय बघावं? (आजोबा ७४, नातू ११)

पागोळी
नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीकर. सासरे (वय ७४) आणि मुलगा (सहावीत) यांना घेऊन फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुंबईत जायचं आहे. दोघांनाही जुन्या इमारती, चित्रं आणि त्यांच्यामागच्या गोष्टी यांची भारी आवड. पण तीन अडचणी आहेत.
लोकलचं तिकीट आणि घरचा डबा सोडून खर्च शून्य. "थोडेसेच पैसे" असंही नको, या वर्षी घरात दुखणी झाली, हात आखडता आहे. सासऱ्यांना सलग पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही, गुडघे दुखतात. आणि माहिती मराठीतून मिळाली तर फार बरं, कारण त्यांना इंग्रजी समजत नाही.
स्वतः गेलेल्यांनी सांगावं ही विनंती.

निळी_छत्री
काळा घोडा कला महोत्सव! दुसरं काही शोधूच नका. फेब्रुवारीत नऊ दिवस असतो, १९९९ पासून सुरू आहे. नाटक, नृत्य, संगीत, रस्त्यावर मांडलेली शिल्पं, मुलांच्या कार्यशाळा, सगळं विनामूल्य. आम्ही गेल्या आठ वर्षांत एकदाही चुकवलेला नाही. लेकीने तिथे केलेला मातीचा बैल अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. हेरिटेज वॉकही असतात, पण त्यांची नोंदणी आधी करून ठेवा, जागा पटकन भरतात.

कोकणकडा
मी म्हणेन घारापुरीच करा. गेटवेवरून लाँच, साधारण तासाभराचा प्रवास. लाँचमागून सीगल येतात, मुलगा खूश. त्रिमूर्तीसमोर उभं राहिलं की बोलायला शब्द राहत नाहीत. आम्ही सहा जण गेलो होतो, खाऊन-पिऊन काही फार खर्च आला नाही.

पागोळी
कोकणकडा, धन्यवाद. पण लाँचचं भाडं, लेण्यांचं तिकीट आणि वर १२० पायऱ्या. बाबांना नाही जमणार.

कोकणकडा
वर न्यायला डोल्या मिळतात की. विचारून बघा.

जुना_सदस्य
काळा घोड्याला +१. मात्र रविवारी संध्याकाळी नको. अशाच एका मोठ्या महोत्सवात वडिलांना घेऊन गेलो होतो. दोन तास त्यांना बसायला जागा मिळाली नाही, शेवटी दुकानाच्या पायरीवर रुमाल अंथरून बसवलं. घरी येईपर्यंत पाय सुजले होते. तेव्हापासून म्हातारं माणूस बरोबर असलं की मी आधी बसायची जागा शोधतो, कार्यक्रम नंतर. रविवारी जायचंच असेल तर सकाळी लवकर गाठा.

सांजवारा
काळा घोडाच. आणि जाताना मुलाला सांगा, तिथला मूळ घोडा शिवाजी महाराजांचा होता, इंग्रजांनी तो हलवला.

अनुस्वार
सांजवारा, कृपया मुलाला असं काही सांगू नका. तो पुतळा सातव्या एडवर्डचा होता, युवराज असताना तो १८७५-७६ मध्ये भारतात आला होता त्याची आठवण म्हणून. खर्च केला अल्बर्ट ससून यांनी, पुतळा बसला १८७९ मध्ये आणि हलवला १९६५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर, आपल्याच लोकांनी. आज तो राणीच्या बागेत आहे. काळा घोडा चौकात आता जो घोडा दिसतो तो २०१७ मधला, त्याच्यावर स्वारच नाही. मुलाला हे सांगितलंत तर तो आपणहून विचारेल की स्वार गेला कुठे.

सांजवारा
आमच्या आजोबांनी तसं सांगितलं होतं. असो, दुरुस्तीबद्दल आभार.

कोकणकडा
राणीच्या बागेचा विषय निघालाच आहे तर, घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ. ज्या हत्तीवरून बेटाला 'एलिफंटा' नाव पडलं तोच. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, १८६४ मध्ये उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे १९१४ मध्ये जोडले. घारापुरी जमत नसेल तर निदान तिचा हत्ती बघा.

पागोळी
हे फार सुंदर आहे! पण बागेला आणि संग्रहालयाला तिकीट आहे ना?

कोकणकडा
आहे, पण फारसं नाही.

शेवाळ
फुकटच्या वॉकवर विसंबू नका असं माझं स्पष्ट मत. एका विनामूल्य फेरीला मी नोंदणी करून गेले, चाळीस माणसं आणि सांगणारा एक. रस्त्याच्या गोंगाटात पुढच्या दहा जणांनाच ऐकू येत होतं. पुढच्या महिन्यात पैसे भरून दुसरीकडे गेले, पंधरा माणसं, प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर. माणशी चार-पाचशे गेले तरी वसूल होतात.

जुना_सदस्य
शेवाळताई, धागाकर्तीने शून्य लिहिलंय.

शेवाळ
वाचलं मी. तरीही सांगते, कारण दिवस वाया जाण्याचीही किंमत असतेच.

दगडफूल
पागोळीताई, मी तीस वर्षं फोर्टात नोकरी केली. माझं म्हणणं, कुठे जाऊच नका. ज्या स्टेशनात उतराल तेच बघा.
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, ते संपायला दहा वर्षं लागली. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. कोरीवकामात आपल्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, म्हणून तर त्या विलायती धाटणीच्या इमारतीवर मोर, माकडं आणि आपल्याकडची पानं-फुलं दिसतात. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आधी आत तिकीटघरात जा. त्याला 'स्टार चेंबर' म्हणतात, वर छताला निळ्यावर सोनेरी तारे आहेत. मी रोज तिथून पास काढायचो आणि पहिली दोन वर्षं मान वर केली नव्हती. एकदा खिडकी बंद होती म्हणून रांगेत अडकलो, तेव्हा दिसलं.
मग भुयारी मार्गाने पलीकडे या (जिना आहे, पण कठड्याला धरून सावकाश उतरता येतं) आणि महापालिकेच्या बाजूने समोरची पूर्ण इमारत बघा. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ : सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटावर हात उंचावलेली बाई उभी आहे, ती 'प्रगती'. मुलाला एक कागद द्या आणि दगडातले प्राणी मोजायला लावा. माझा नातू एकवीसपर्यंत पोचला होता. मागची पालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.
आजोबा थकले नसतील तर क्रॉफर्ड मार्केट चालत दहा मिनिटांवर आहे. आत नाही गेलात तरी चालेल. दाराच्या कमानींवर शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत, ती लॉकवूड किपलिंग यांची. हे गृहस्थ जे. जे. मध्ये शिकवायचे. तिकीट कशालाच नाही.

निळी_छत्री
छान माहिती. पण कार्यक्रम बघायची मजा वेगळीच, त्यामुळे काळा घोडा.

पेणकर
पाऊस-ऊन काही असो, जहांगीर कलादालन. १९५२ पासून उभं आहे, प्रवेश विनामूल्य, सकाळी ११ ते संध्याकाळी ७. बहुतेकदा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो, त्याला मराठीत विचारा, मनापासून समजावतो. माझी मुलगी अशीच एका चित्रकाराशी अर्धा तास बोलत बसली आणि आज जे. जे. ला आहे. पूर्वी आत 'समोवार' होतं, २०१५ मध्ये बंद झालं. तिथल्या चहाची अजून आठवण येते.

गिरगावचा
सगळा धागा वाचला. मंडळी, मुंबईचा इतिहास म्हणजे फक्त फोर्ट का हो? गोऱ्या साहेबांनी बांधलेला दगड म्हणजे वारसा, आणि ज्यांच्या घामावर हे शहर उभं राहिलं त्यांच्या चाळी म्हणजे 'पुनर्विकास'? १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी निघाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, आता त्यांतल्या बऱ्याच जागी टॉवर उभे राहताहेत. हे बघायला ना तिकीट लागतं ना नोंदणी. आणि गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, त्याला कोण घेऊन जातो वॉकला?

निळी_छत्री
फोर्टातल्या इमारतींचे दगडही आपल्याच माणसांनी घडवलेत. वारशात गट कशाला पाडायचे?

गिरगावचा
गट मी नाही पाडले. माझे वडील साचेवाले (गिरणीत माग चालवणारे) होते. त्यांची चाळ पाडली त्या दिवशी फोटो काढायला कुणी आलं नाही, म्हणून बोललो.

अनुस्वार
गिरगावचा, पटलं. या विषयावर तुम्ही स्वतंत्र धागा काढावा, लोक लिहितील.
अवांतर : वर सगळे 'इंग्रजी इमारती' अशी मोट बांधताहेत म्हणून सांगतो. टर्मिनस व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इंडो-सारासेनिक, आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडची घरं आर्ट डेको. ओव्हलच्या एका बाजूला गॉथिक आणि समोर आर्ट डेको, मैदानात उभं राहून दोन्ही दिसतात. ती अख्खी रांग २०१८ पासून जागतिक वारसा आहे. मैदान सपाट आहे, चालणं कमी.

दगडफूल
आणखी एक आठवलं. फार कुणाला माहीत नसतं. जुन्या मुंबईत अंतर सेंट थॉमस कथीड्रलपासून मोजायचे, ज्याच्यावरून 'चर्चगेट' नाव पडलं. त्यासाठी रस्त्याकडेला काळ्या दगडाचे मैलाचे खांब रोवले होते, रोमन आकडे कोरलेले. रस्ते वर आले तसे बरेच जमिनीत गेले. काही पालिकेने वर काढून नीट बसवलेत.

शेवाळ
यातलं सांगणारा कुणी बरोबर नसेल तर नुसते दगडच दिसतात, म्हणून परत म्हणते, माणशी चारशे खर्च करा.

सांजवारा
मग ठरलं का? काळा घोडाच ना?

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री हा धागा बाबांना पहिल्यापासून वाचून दाखवला. हत्तीचं ऐकून मुलगा उठून बसला, घोड्याचंही त्याला आवडलं. बाबा शांत होते. दगडफूल यांचा मैलाच्या दगडाचा प्रतिसाद वाचला तेव्हा म्हणाले, "परत वाच."
बाबा परळच्या एका गिरणीत होते. आधी बदली कामगार, मग कायम, संपापर्यंत. दुपारच्या सुट्टीत रस्त्याच्या कडेला एका बुटक्या काळ्या दगडावर डबा ठेवून तिघं-चौघं जेवायचे. त्यावर काहीतरी रेघा कोरलेल्या होत्या. बाबांना वाटायचं कुणा मुकादमाची खूण असेल. इतक्या वर्षांत त्यांनी हे घरात कधी काढलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, मी पहिल्यांदा ऐकलं.
तेव्हा काळा घोडा नाही, टर्मिनस नाही, जहांगीर नाही. रविवारी आम्ही परळला जातोय, तो दगड शोधायला. असेल किंवा नसेल. गिरणीची चिमणी अजून उभी आहे असं बाबा म्हणतात. सांगणारे तेच, मराठीतून, आणि दमले की तेच थांबवतील. मुलाने रोमन आकडे पाठ करायला घेतलेत.
फोर्ट पुढच्या वर्षी नक्की. दगडफूल, तुमची प्राण्यांची मोजणी वहीत उतरवून ठेवली आहे.

निळी_छत्री
पण महोत्सव नऊच दिवस असतो हो, परळ काय बारा महिने आहे.

गिरगावचा
परळही बारा महिने राहत नाही. ताई, जा तुम्ही.
करी रोड किंवा परळ, दोन्हीकडे धीमी लोकल थांबते, पण पुलाचे जिने आहेत, घाई करू नका. रविवार आहे म्हणजे मेगाब्लॉक असणार, काही पट्ट्यात धीम्या गाड्या जलद मार्गावरून सोडतात. शनिवारी रात्री वेळापत्रक बघून ठेवा. आणि बाबांची गिरणी कोणती ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझे वडील अजून आहेत. ८१ वर्षांचे. कदाचित ओळखतील.