जुनी होंडा सिटी वीटेक, नवीन हब टाकूनही घूंऽऽ आवाज, हब खराब की नकल (knuckle)?

रामबागवाला:
नमस्कार मंडळी. २००१ ची सिटी वीटेक आहे, वडिलांची, विकायची नाही. पुढच्या डाव्या चाकातून ५०-६० च्या वर घूंऽऽ आवाज येऊन राहिला होता, उजवीकडे वळलं की वाढायचा. मेकॅनिक म्हणाला बेअरिंग गेलं आणि हबही (चाक ज्यावर बसतं तो भाग) झिजलाय, म्हणून ओरिजिनल नाही, बाहेरच्या कंपनीचा हब आणला. ४×१०० पीसीडी (चार स्टड, १०० मिमीच्या वर्तुळावर) जुळला, स्टड १२×१.५ चेच, ड्राइव्हशाफ्टही नीट बसला. दोन महिने शांत, आता परत तेच रडगाणं आणि वर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली फडफडतं. मेकॅनिक म्हणतो ओरिजिनल हबच शोधा. कुठून शोधू?

सांवेररोड_खराद:
भिया, हबच्या मागे नंतर लागा. बेअरिंग प्रेसवर बसवलं की हातोडीने? नकलमध्ये (ज्याच्या भोकात बेअरिंग बसतं तो लोखंडी भाग) घालताना जोर फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर, म्हणजे कड्यावर, द्यायचा, आणि हब आत दाबताना आतल्या रेसला खालून आधार हवा. उलटं केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात, तेव्हा कळत नाही आणि थोड्या दिवसांनी आवाज सुरू. आणि हब बाहेर काढला की आतली अर्धी रेस बहुतेक हबलाच चिकटून येते, म्हणजे ते बेअरिंग संपलं, परत वापरायचं नाही. तुमच्याकडे जुनंच परत घातलं नाही ना?

बडोदेकरीण:
दादा, पेडलचं वेगळं बघा. डायल गेज (बारीक फरक दाखवणारं माप) लावून नव्या हबचा फेस फिरवून पाहा, साधारण ०.०५ मिमीच्या आत हवा. हब थोडा वाकडा असला तरी डिस्कच्या कडेला तो फरक वाढून दिसतो. माझ्या गाडीत मात्र हब सरळ निघाला, जुन्या डिस्कच्या मागे गंज होता, तारेच्या ब्रशने घासला आणि फडफड गेली. चाळीस मिनिटांचं काम, त्यासाठी मी आधी नवीन डिस्कचे पैसे घालून बसले होते. अलॉय चाकं असतील तर त्यांचं मधलं भोकही बघा, सिटीच्या हबचा मधला गोल उंचवटा ५६.१ मिमीचा, तिथे सैल असेल तर स्टिअरिंग थरथरतं.

रामबागवाला:
काल खोलून पाहिलं. बेअरिंग नवीनच होतं पण हाताने दाबलं तर नकलमध्ये सरकलं! आणि आत सगळीकडे पंचने (टोकदार हत्याराने) ठिपके मारलेत. विचारलं तर म्हणे, पकड यावी म्हणून सगळेच मारतात.

सांवेररोड_खराद:
बस, सापडलं. भोक बेअरिंगपेक्षा काही शतांश मिमी लहान असायला हवं, तेव्हाच घट्ट बसतं. आतली भिंत आरशासारखी चमकत असेल तर बाहेरची रेस फिरत होती समजा. ठिपक्यांच्या टोकांवर बेअरिंग किती दिवस टेकणार? ती टोकं चेपली की परत सैल. हा हब राहू द्या, नकल बदला. सेकंडहँड घेताना बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजणारं माप) दोन दिशांनी मापून घ्या, भोक लांबट झालेलं असतं आणि डोळ्याला दिसत नाही. सर्कलिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) आणि अ‍ॅक्सलचं नट नवीनच टाका, नट टॉर्क रेंचनेच कसा, अंदाजाने नाही.

रामबागवाला:
नकल मिळाली, देवास नाक्याजवळच्या एका कबाड्याकडे. डिस्कच्या मागे बोटभर गंज निघाला, बडोद्याच्या ताई बरोबर होत्या. रविवारी प्रेसवर बसवतोय, मी स्वतः उभा राहणार.