शॅमेलिऑनची अर्धी अंडी फुटली, उरलेल्यांचं काय करू?

ह्यूस्टनकरीण:
आमच्या व्हेल्ड शॅमेलिऑनने (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) फेब्रुवारीत कुंडीतल्या मातीत बोगदा खणून अंडी घातली. ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं खनिज) भरलेल्या डब्यात ठेवलीत, तापमान २६ अंशांच्या आसपास. गेल्या आठवड्यात पिल्लं निघायला लागली आणि आता सगळं ठप्प. डझनभर अंडी तशीच, पांढरी आणि फुगीर. नवरा म्हणतो, टाकून दे, पिल्लांच्या खाण्यासाठी आणलेल्या फळमाश्यांनी घर भरलंय. एखादं कापून बघू का?

सरडेवाली_न्यूजर्सी:
कापू नका हो! पांढरं आणि फुगीर म्हणजे बहुधा जिवंत. मेलेलं अंडं पिवळं पडतं, बुरशी धरतं, बसतं. व्हेल्डला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, आणि एकाच खेपेतली अंडीही मागेपुढे फुटतात, कधी काही आठवड्यांच्या फरकाने. अंडं घातलं जातं तेव्हा आतला गर्भ अगदी प्राथमिक अवस्थेत असतो. तो काही काळ नुसता थांबून राहतो, आणि सगळे एकाच दिवशी जागे होत नाहीत.

वेळ आली की कवचाला मीठ लावलेल्या काकडीसारखं पाणी सुटतं. अंडं थोडं आक्रसतं, मग टोकाला चीर पडते. पिल्लू नाक बाहेर काढून तासन्‌तास तसंच बसतं, बलक शोषून घेत. तेव्हाही ओढायचं नाही. थेंब न येताच खळगा पडला असेल तर डबा कोरडा झालाय. पाणी कडेने घाला, अंड्यावर नको. अंडी उलटीसुलटीही करू नका. आणि नवऱ्याला म्हणावं, माश्या त्याच्यासाठी नाहीत.

पँथरप्रेमी:
+१. अंधारात टॉर्च लावून बघा, लालसर शिरा दिसल्या तर प्रश्नच मिटला. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनला तर वर्षभरही लागू शकतं, मधे थोडा गारवा मिळाला की पुढची वाढ बरी होते. तिथलाच लाबोर्ड शॅमेलिऑन आठ-नऊ महिने अंड्यात काढतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो!

नाशिकचा_शेतकरी:
आमच्या बांधावर घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, दिसतो. त्याची अंडी आणून उबवता येतील का?

सरडेवाली_न्यूजर्सी:
नाही दादा. घोयऱ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पाळताही येत नाही आणि अंडीही उचलता येत नाहीत. बांध तेवढा पेटवू नका.

ह्यूस्टनकरीण:
टॉर्च लावला. सातांत शिरा दिसल्या, बाकीची धूसर. डबा पुन्हा कपाटात.