८० चाचण्यांचं पॅकेज घ्यावं का?

कोकणकडा: बाबा ५८, आई ५२ (पाळी थांबलेली). सध्या दोघांनाही त्रास नाही. बाबा तंबाखू-चुना खातात, आजीला मधुमेह होता. लॅबवाले घरून रक्त नेऊन ८० चाचण्या करतात. ते पॅकेज घ्यावं, की मोजक्याच कराव्यात?

शतावरी: मोजक्याच करा. पॅकेजमध्ये एका सीबीसीचेच (रक्तपेशींची मोजणी) वीसेक आकडे वेगवेगळे धरलेले असतात. दोघांना उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि सीबीसी पुरे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, पुन्हा तपासायचं. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतं, म्हणून आईचं हिमोग्लोबिन सोबत बघाच.

'कॅन्सर मार्कर' (रक्तातून कॅन्सरचा माग काढणाऱ्या चाचण्या) मात्र अजिबात नको. त्यातलं सीए-१२५ फायब्रॉइडमुळेही (गर्भाशयातली साधी गाठ) वाढतं, सीईए विडी-सिगारेटमुळेही. मग नसलेल्या आजारासाठी सीटी स्कॅनच्या फेऱ्या सुरू होतात.

निंबोणी: बाबांची सगळ्यात महत्त्वाची तपासणी या पॅकेजात नाहीच: तोंडाची. दातांच्या डॉक्टरांकडे न्या. कवळी असेल तर काढून, चांगल्या उजेडात ओठ, गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग बघायला सांगा. ज्या जागी तंबाखूची गोळी धरतात ती जागा तर नक्कीच. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काही असेल तर थांबू नका. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तेव्हाही लगेच दाखवा.

आईसाठी गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी (तिथला कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) दर ५ वर्षांनी, नाहीतर पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) दर ३ वर्षांनी. सरकारी केंद्रात व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, पण पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकतो आणि नीट दिसत नाही. या वयात एचपीव्हीच मागा. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) दर २ वर्षांनी. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको, फिल्मवर ते कॅल्शियमच्या कणांसारखं दिसतं. सोनोग्राफीवर भागत नाही.

गवतीचहा: बीपी राहिलं. ते घाईत घेतात आणि तिथेच चुकतं. आधी अर्धा तास चहा-तंबाखू बंद, लघवीला जाऊन यायचं, ५ मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीला. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी जास्त येतं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्यावर राहिली तर डॉक्टरांना भेटा.

कोकणकडा: गावाकडे यातलं काय फुकट होईल?

निंबोणी: आयुष्मान आरोग्य मंदिरात (गावाजवळचं सरकारी आरोग्य केंद्र) तिशीपुढच्यांचं बीपी, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख बघतात. मॅमोग्राफी आणि एचपीव्हीसाठी जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करून मगच आईला न्या.