फायबर बंपरची फट डावीकडे २, उजवीकडे ७ एमएम: रंगाआधी काय काय करायचं?

सांगली_कूपे (सांगली)

मंडळी, गाडी ऑडी टीटी, दुसरी पिढी म्हणजे ८जे. रंग सिल्व्हर मेटॅलिक. पुढचा बंपर आणि दोन्ही साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या) फायबरचे, शिवाय डिकीवर चिकटवायचा कार्बनचा लिप, असा सेट आलाय. बंपर नुसता मूळ ब्रॅकेटवर टेकवून बघितला. मध्ये बॉनेटखाली नीट बसतो, पण फेंडरच्या सांध्याला डावीकडे २ एमएम आणि उजवीकडे ७ एमएम फट राहते. जाळीच्या कडेने जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, बारीक भोकं आहेत. खालच्या एका कोपऱ्यात नखाने वाजवलं की पोकळ आवाज येतो.

पेंटरचं म्हणणं, "लांबी (पुट्टी) मारून फट भरतो, उद्या सरफेसर (रंगाखालचा जाड प्रायमर), परवा रंग, तेरवा फिटिंग." घाई अशी की पाऊस तोंडावर आलाय.

विचारायचं हे: ७ एमएमची फट लांबीने भरली तर टिकेल का? रंग आधी की फिटिंग आधी? स्कर्टला टेप पुरेल की स्क्रू मारावे लागतील? मूळ बंपर, जाळ्या, फोम सगळं जपून ठेवलंय.

गॅपवाले (कराड)

लांबीने भरायची नाही. फायबरच्या कडेला दोन-तीन एमएमपेक्षा जाड लांबी उभी केली की पहिल्याच मोठ्या गतिरोधकाला तिचा टवका उडतो. आणि रंगाआधी पार्ट गाडीवर पूर्ण बसलेला असलाच पाहिजे. रंगवून झाल्यावर कड घासायची वेळ आली तर रंगाचे पैसे दोनदा.

पण त्याआधी बंपरवर खापर फोडू नका. सेकंडहँड गाडी आहे. मूळ बंपर परत चढवा आणि दोन्ही सांधे मोजा. तोही उजवीकडे उघडा राहिला तर फेंडर किंवा पुढची फ्रेम हललेली आहे, आणि मग फायबर कितीही घासा, उपयोग शून्य. फेंडर सरळ करायचा असेल तर ८जेचा फेंडर आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे आहेत हे डेंटरला आधीच सांगा. स्टीलच्या सवयीने हातोडी आणि डॉली (मागे धरायचा ठोकळा) चालवली तर पत्रा ताणतो, मग परत जागेवर येत नाही.

मूळ बंपर बरोबर बसला तर फायबरवाला असा चढवा: फेंडरच्या कडांना मास्किंग टेपचे दोन थर. सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे धरतील एवढेच. मधले आधी, मग चाकाच्या कमानीतले, शेवटी खालचे, आणि कुठलाच आवळायचा नाही. आता उजवं टोक मागे ढकलून, डावं थोडं पुढे घेऊन दोन्हीकडच्या फटी सारख्या करता येतात का बघा. साडेचार-साडेचार आल्या आणि बॉनेटची रेष हलली नाही, तर बंपर वाकडा नाही, आखूड आहे. दोन्ही कडा अडीच एमएम वाढवायच्या, एवढंच काम. पण उजवीकडे फट मिटवताना बॉनेटखालचा कोपरा वर उचलला जात असेल तर बंपर पिळलेला आहे. साच्यातून कच्चा काढून कसाही टेकवून ठेवला की असं होतं.

थोडा पीळ गरम हवेच्या गनने निघतो. गन एका जागी न थांबवता मागच्या बाजूने हाताला चटका बसेल इतपत, ६०-७० डिग्री, गरम करायचं, गाडीवरच योग्य जागी क्लॅम्प लावायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. जास्त पीळ असेल तर आतल्या वळवलेल्या पट्टीला करवतीने दोन-तीन काप द्या, बंपर जागेवर आणा आणि मागून ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) काचतंतूंच्या मॅटचे तीन थर द्या. हेही गाडीवर चढवलेलं असतानाच.

बोल्ट आवळून फट खेचायची नाही, हे फिटरला दोनदा बजावा. कंपनीचा प्लास्टिक बंपर लवचीक असतो, तो खेचून घेतो. फायबर खेचून घेत नाही, तो ताण धरून ठेवतो आणि मग उन्हात-खड्ड्यात भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा सोडतो. प्रत्येक भोक बोल्टपेक्षा दीड एमएम मोठं, खाली रुंद वॉशर आणि पातळ रबर, वर आपोआप सैल न होणारा नायलॉक नट. भोक जेलकोटच्या बाजूने पाडा, वर टेप लावून, आणि ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट पार करा म्हणजे टवका जात नाही.

शेवटची फट रंगाआधी २ एमएम ठेवा. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून बंपरच्या कडेवर पाव एमएमच्या आसपास चढतं, म्हणजे हातात पावणेदोन राहते. त्याहून कमी ठेवली तर फायबर फेंडरवर घासत राहतं.

आतला ॲल्युमिनियमचा बीम आणि त्यावरचा फोम काढायचा नाही. "फायबर बसत नाही म्हणून फोम कापला" हे सर्रास चालतं. फायबर बंपर हे नुसतं झाकण आहे, धक्का बीमच घेतो. फोम अडत असेल तर बंपरची आतली बाजू घासा. इंटरकूलर-रेडिएटरकडे हवा नेणारे प्लास्टिकचे डक्टही परत लावा आणि कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा. नाहीतर हवा रेडिएटरला वळसा घालून जाते आणि खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो.

रेझिन_किलोवर (मिरज)

फिटिंगचं गॅपवाल्यांनी सांगितलं ते बरोबर. मी मटेरियलचं सांगतो.

कड वाढवायची पद्धत: फेंडरच्या कडेवर मास्किंग टेप आणि तिच्यावर खाकी पॅकिंग टेप. रेझिन पॅकिंग टेपला धरत नाही. बंपरची कड मागून ३० एमएमपर्यंत ४० नंबरच्या पेपरने उतरती घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. मॅटचे दोन थर कडेच्या पुढे ५-६ एमएम येतील असे. पुढच्या बाजूने रेझिनमध्ये कातरलेले तंतू मिसळून जाडसर लापशी भरा. वाळल्यावर २ एमएम जाडीच्या ॲक्रिलिक पट्टीला ८० चा पेपर गुंडाळून फट ओढत न्या. फट सरळ आणि सगळीकडे सारखी येते. नुसत्या हाताने घासली तर लाट येते आणि सिल्व्हरमध्ये ती लपत नाही.

माप: ४५० चं एक चौरस मीटर मॅट किलोभर रेझिन पितं. तुमच्या कामाला अर्धा मीटर मॅट आणि एक किलो जीपी (साधं, सर्वसाधारण कामाचं) रेझिन घ्या, उरेल. फायबरच्या मूर्ती आणि पाण्याच्या टाक्या करणारे वापरतात तेच पॉलिस्टर रेझिन. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा. हार्डनर म्हणजे एमईकेपी, दीड टक्का धरला तर सिरिंजने ३ मिली. सांगलीच्या मे महिन्यात दुपारी एवढा नको, १ टक्का पुरे, नाहीतर डबा हातातच गरम होऊन जेली होते.

आता जीव वाचवणारी गोष्ट. दुकानदार रेझिनबरोबर जांभळ्या रंगाचं कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं रसायन) वेगळं देतो. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. पेट घेतात, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून घ्या, मगच हार्डनर. त्यापेक्षा कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल घालूनच.

पोकळ आवाज म्हणजे जेलकोट आणि मॅटमध्ये हवा अडकली आहे. वरून लांबी मारून झाकलं तर उन्हात ती हवा फुगते आणि रंगावर फोड येतो. तो भाग फोडा, ग्राइंड करा, घट्ट मॅट लागेपर्यंत उघडा आणि तंतूंच्या लापशीने भरा. बारीक भोकांचंही तसंच: सुईने किंवा १ एमएम ड्रिलने तोंड मोठं करा. बंद तोंडाच्या भोकावर लांबी नुसती टोपी घालून बसते आणि प्रायमरमधल्या थिनरने परत उघडते.

पार्टवर साच्याचं मेण असतं. क्रम असा: आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर दोन वेगळ्या फडक्यांनी, एक ओलं, एक कोरडं, आणि मग पॉलिश पेपर. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत बसतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. बहुतेक गॅरेजांत हा क्रम उलटा होतो आणि दोष थिनरला दिला जातो.

लॅमिनेशन झाल्यावर बंपर बोल्ट लावूनच आठ-दहा दिवस उन्हात उभा ठेवा. रेझिनमधला स्टायरीन निघून जातो, थोडं आकसतं. हे रंगानंतर झालं तर मॅटचा ठसा वर उमटतो. सिल्व्हरवर कमी दिसेल, काळ्यावर तर लांबूनच.

घाटउतार (सातारा)

वरच्या दोघांशी सहमत, एक सोडून: आठ-दहा दिवस ऊन मिळेल हे गृहीत धरू नका. आमच्याकडे कासच्या बाजूने ढग उतरले की दिवसभर ओल. उन्हाची खात्री नसेल तर रंगाच्या बूथमध्ये (गरम करता येणाऱ्या बंद खोलीत) ६० डिग्रीला दोन-तीन तास बेक करा, पण गाडीवर बोल्ट लावलेला. सुटा बंपर बूथमध्ये दोन स्टँडवर ठेवला तर गरम होऊन मधोमध झोळ पडतो आणि बसवलेलं फिटिंग गेलं.

पावसात रंगाचा खरा शत्रू कॉम्प्रेसरमधलं पाणी. टाकी रोज सकाळी रिकामी करा आणि गनच्या आधी वॉटर ट्रॅप लावा. क्लिअरचा हार्डनर पाण्याशी प्रतिक्रिया देतो, बुडबुडे आणि धुरकटपणा येतो. बाहेर धो-धो पाऊस आणि शेड उघडी असेल तर क्लिअर मारू नका, दुसरा दिवस बघा.

साइड स्कर्टला टेप आणि स्क्रू दोन्ही. वरची कड ॲक्रिलिक फोम टेपने, व्हीएचबी (जास्त पकडीच्या) प्रकारची. खालची कड स्क्रूने, कारण दगड आणि पाणी तिथेच मारतात. टेपची पकड लगेच पूर्ण येत नाही. खोलीच्या तापमानाला पूर्ण ताकदीला ७२ तास लागतात, म्हणून तीन दिवस गाडी धुवायची नाही. टेप रंगवलेल्या पृष्ठभागावर लावायची, प्राइमरवर नाही.

स्क्रू मारण्याआधी चुंबक लावून बघा. या गाडीची बॉडी मिश्र आहे: पुढचा बराच भाग ॲल्युमिनियम, दरवाजे, डिकी आणि मागचा फ्लोअर स्टील. चुंबक धरत नसेल तिथे उघडा स्टीलचा स्क्रू मारला की ओलाव्यात ॲल्युमिनियम खायला लागतं, पांढरी पावडर दिसते. नायलॉनची बुशी किंवा वॉशर मध्ये घाला आणि प्रत्येक भोकाच्या कडेला एपॉक्सी प्रायमर लावून मगच स्क्रू. शक्यतो क्लिपांची मूळ भोकंच वापरा.

कार्बनच्या लिपलाही हेच. कार्बन वीज वाहतो, उघडा कार्बन आणि उघडा पत्रा एकत्र आले की गंज वाढतो. तुम्ही चिकटवणारच आहात, त्यामुळे रंग आणि टेप मध्ये राहतील. पण आधी हे ठरवा: लिप डिकीच्या पत्र्यावर आहे की मूळ स्पॉयलरच्या हलत्या पट्टीवर? ८जेचा स्पॉयलर ताशी १२५ किमी वेगाला आपोआप वर येतो आणि वेग ८० च्या खाली आल्यावर मिटतो. कन्सोलवरच्या बटणाने तो वर-खाली करून लिप कुठे अडतो का ते मास्किंग टेपवर लिप धरून बघा, चिकटवून नाही. आणि कार्बनवर यूव्ही क्लिअर नसेल तर वर्षभरात पिवळा पडतो.

कागदाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलाला परवानगी देत नाही, आणि १८२ए(४) मध्ये प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. तुमचा रंग तोच राहतो, पण बंपर, स्कर्टबद्दल आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीला ॲक्सेसरी म्हणून लेखी कळवा. झीरो डेप (घसारा न कापणारं विमा संरक्षण) नसेल तर घसारा फायबरच्या पार्टला ३० टक्के, प्लास्टिकला ५० टक्के धरतात. न कळवलेल्या पार्टचा क्लेम अडतो.

सांगली_कूपे (सांगली)

सर्वांचे आभार. मूळ बंपर चढवून बघितला, दोन्हीकडे सारखा. फायबरवाला सैल बोल्टवर सरकवला तर दोन्हीकडे साडेचार येतात, बॉनेटची रेष तशीच. म्हणजे आखूड आहे. कडा वाढवतोय. पेंटर आता म्हणतो, आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी. आणि "फायबर आहे म्हणून रंगात लवचीक ॲडिटिव्ह घालू." बरोबर का?

रेझिन_किलोवर (मिरज)

लांबीचे दोन्ही क्रम चालतात. १८० ने घासलेल्या जेलकोटवर पॉलिस्टर लांबी थेट धरते. एपॉक्सी आधी मारलात तर ती पूर्ण वाळू द्या, घासा, मग लांबी. फक्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरवर पॉलिस्टर लांबी नको, खालचा थर ती उचलते. लांबीचा हार्डनर २ टक्के. "लवकर वाळेल" म्हणून जास्त घातला तर पेरॉक्साइड वर झिरपतं आणि सिल्व्हरला डाग दिसतो. लवचीक ॲडिटिव्ह फायबरला नको, ते पीयूच्या (लवचीक पॉलीयुरेथेनच्या) पार्टसाठी.

पुढे: १.७ किंवा १.८ नोझलने टू-के (हार्डनर मिसळायच्या) सरफेसरचे तीन हात, उंचसखल दाखवणाऱ्या काळ्या गाइड कोटची धूळ, ३२० ने ब्लॉक लावून कोरडं, शेवटी ८०० ने ओलं. ३२० चे ओरखडे सिल्व्हर बेसखाली (क्लिअरच्या आधीच्या रंगाच्या थराखाली) नक्की दिसतात.

गॅपवाले (कराड)

रंगवताना बंपर गाडीवर असतो त्याच कोनात उभा करा. आडवा ठेवून मारला तर सिल्व्हरचे कण वेगळे बसतात आणि फेंडरशेजारी शेड वेगळी दिसते, कोड बरोबर असला तरी. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर बेस आणि क्लिअर मारून तो तुकडा फेंडरला टेकवून उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. बेसचा शेवटचा हात थोडं लांबून, कमी दाबाने. क्लिअरचे दोन हात, मध्ये १०-१५ मिनिटं.

रंगानंतर बोल्ट त्याच क्रमाने, मधून बाहेर. आठवड्याभराने सगळे परत तपासा, रबर बसलं की बोल्ट सैल पडतात. पेठ नाक्याकडे जाताना उसाच्या ट्रॉलीमागे राहू नका, पडलेलं कांडं खालच्या ओठाखाली गेलं की तिथला फायबर पहिला फुटतो. तिथे मागून मॅटचा एक जादा थर आत्ताच देऊन टाका.