रोजचा पाऊस मोजायचा आहे, कोणता पर्जन्यमापक घ्यावा? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे धो धो कोसळत असतो आणि त्याच वेळी बाळीवेशीत भावाचं अंगण कोरडं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र सगळ्या शहराचा एकच आकडा. म्हणून घरचा पाऊस मोजून लिहायचं ठरवलंय, नववीतली लेक सोबत आहे. घर बैठं आहे, शेजारी आमचाच रिकामा प्लॉट आहे, नाहीतर गच्ची. डिजिटल घेऊ की साधा? आणि या नोंदी कुणाच्या उपयोगी पडतील का?

काळी_माती (मोहोळ)
साधाच घ्या ताई. बहुतेक डिजिटलमध्ये आत छोटी वाटी असते, ती भरली की उलटते आणि उलटण्या मोजल्या जातात. आपल्याकडची धूळ नि कोळिष्टकं तिला अडकवतात. शिवाय वळवाचा सपाटा आला की वाटी उलटतानाचं पाणी मोजणीतून सुटतं.

हवामान खातं वापरतं तसा फायबरचा मापक बघा. तोंडाचं क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौ. सेंमी असतं, काठ जमिनीपासून ३० सेंमी उंच ठेवतात. मोजपात्र त्याच क्षेत्रफळाचं मागून घ्या. २०० चं मोजपात्र १०० च्या मापकाला लावलं तर पाऊस निम्माच दिसतो. तूर्त घरीच करायचा तर १६ सेंमी व्यासाचं नरसाळं बाटलीवर घट्ट बसवा. साठलेलं २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. पात्र डोळ्याच्या रेषेत धरायचं आणि पाण्याची कड वर चढलेली दिसते ती नाही, मधला खोलगट भाग वाचायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शून्य लिहा. पाऊस नसला तरी रोज ०.० लिहायचंच. चौकट रिकामी सोडली तर चार महिन्यांनी कळत नाही, पाऊस नव्हता की कुणी बघितलंच नाही. आम्हा शेतकऱ्यांचं सगळं गणित कोरड्या दिवसांवर असतं. पीकविम्याच्या वेळी २०२४ पर्यंत २१ दिवसांचा खंड पडला का, हा प्रश्न यायचा. ज्वारीचंही तसंच. हस्ताचा पाऊस किती झाला आणि नंतर किती दिवस काहीच नाही, हे दोन्ही कळलं तरच जमिनीत ओल किती राहिली याचा अंदाज येतो.

होटगी_रोड
गच्ची नको. वर वारा जोराचा असतो, थेंब तोंडावरूनच उडून जातात आणि आकडा कमी येतो. प्लॉटवर ठेवा. झाड, भिंत, घर जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट लांब.

नवी_पेठ
ज्यांना गच्चीशिवाय पर्यायच नाही त्यांनी मोजूच नये का? माझं मत, मोजावं. वहीच्या पहिल्या पानावर जागा आणि उंची लिहावी आणि मापक मग हलवू नये.

उपयोगाचं विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेत फोर्ट कॉलिन्स गावात जुलै १९९७ मध्ये पूर आला. गावाच्या एका बाजूला फूटभराहून जास्त पाऊस आणि दुसरीकडे बेताचाच. त्यातून १९९८ साली कोकोराझ नावाचं स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. साधा चार इंची मापक, रोज सकाळी वाचन, शून्यसुद्धा कळवायचं. आपल्याकडे वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था शेतकऱ्यांच्या मदतीने असाच पाऊस मोजतं, दरडींचा धोका ओळखायला ते आकडे कामाला येतात. सोलापुरात पेठेपेठेत दहा-बारा जणांनी मोजलं तर कुठला नाला कधी तुंबणार हे आपलं आपल्याला कळेल. मी तयार आहे.

एक ध्यानात ठेवा, अतिवृष्टीच्या भरपाईला महसूल मंडळातल्या केंद्राचाच आकडा धरतात, २४ तासांत ६५ मिमीच्या वर. घरची वही तिथे चालत नाही.

जुळे_सोलापूरकर
खूप आभार सगळ्यांचे. रात्री दहाला पडलेला पाऊस कुठल्या तारखेला लिहायचा? लेकीची शाळा सातची आहे. आणि गावाला गेलो तर?

काळी_माती (मोहोळ)
हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं आणि मोजल्या तारखेलाच लिहितं. म्हणजे काल रात्रीचा पाऊस आजच्या तारखेला. साडेआठला तुम्ही बघा, लेक संध्याकाळी वहीत उतरवेल. तीन दिवस बाहेर असाल तर आल्यावर एकूण आकडा "तीन दिवसांचा मिळून" असाच लिहा, भागाकार करून वाटू नका.

जुळे_सोलापूरकर
आजच फीत लावून जागा बघितली. घरापासून तीस फूट, कंपाउंडपासून बारा फूट, भिंत पाच फुटी. पण सोळा फुटांवर आमचा शेवगा आहे, चांगला वीस फूट वाढलाय.

होटगी_रोड
शेवगा आठ फुटांवर छाटा, सोळा फूट बरोब्बर पुरतात. शेंगा पण हाताला येतील.