नटाला प्रश्न विचारून पेशंटशी बोलता येतं का?

स्टेथो विसरलो
वैद्यकीय विद्यार्थ्यांना हिस्ट्री (पेशंटला विचारून आजाराची हकीकत) घेण्याचा सराव व्हावा म्हणून खोटे पेशंट बसवतात, म्हणजे आजाराची भूमिका पाठ केलेले नट. मीही यातून गेलोय, मार्कही बरे पडले. तरी माझं मत असं की यातून आपण पेशंटशी बोलायला शिकत नाही, परीक्षकाला दाखवायला शिकतो. कोपऱ्यात कुणीतरी चेकलिस्ट घेऊन बसलेलं असतं. स्वतःचं नाव सांगितलं, खूण. परवानगी विचारली, खूण. सहानुभूती दाखवली, खूण. मग सगळी बॅच एकाच चालीत म्हणते, 'तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकतो.' आमच्यातल्या एकाने हे वाक्य कानातला मळ काढायला आलेल्या माणसालाही ऐकवलं होतं.

शिवाय नट उत्तरं फार नीट देतो. 'कळ डाव्या हातात जाते, जिना चढताना वाढते, बसलं की थांबते.' वॉर्डात पहिल्याच दिवशी एका आजींना विचारलं, काय होतंय? 'कसंतरीच होतंय.' कसंतरी म्हणजे? 'म्हणजे कसंतरीच!' पुढचा प्रश्न माझ्याकडे नव्हता.

विंगेतून
मी नाटकात काम करते आणि असा पेशंटही होते. 'कसंतरीच' आम्हालाही लिहून दिलेलं असतं हो! भूमिकेच्या कागदावर साधारण दोन भाग असतात: आपणहून काय सांगायचं आणि विचारलं तरच काय सांगायचं. माझी एक भूमिका पोटदुखीची आहे. त्या बाईची पाळी चुकलीय, पण नवरा खोलीत असेपर्यंत ते तोंडातून काढायचं नाही, कुणी कितीही गोड विचारलं तरी. बहुतेक विद्यार्थी नवऱ्यासमोरच विचारतात, मी 'नाही' म्हणते, ते 'नाही' लिहून घेतात आणि पुढे सरकतात.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. भूमिका बाजूला ठेवून मी सांगते, 'पोट दाबताना तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.' खरा पेशंट हे सांगेल? त्याला तुमच्याकडूनच औषध घ्यायचं असतं.

उंटावरचा शहाणा
थोडा इतिहास, कारण घोळ तिथेच आहे. १९६३ साली लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराची रुग्ण व्हायला शिकवलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी टर उडवली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ओस्की मांडली, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरावीक वेळात एकेक काम करून दाखवायची परीक्षा, आणि घंटा वाजली की पुढचं स्टेशन हा खेळ रुळला. अमेरिकेत तर डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच २००४ पासून अशी परीक्षा होती, फी १३०० डॉलरच्या आसपास. कोविडमध्ये थांबवली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची गुंडाळली. इतकी मोलाची होती तर परत का नाही आणली?

विंगेतून
@उंटावरचा शहाणा, गुंडाळली ती परीक्षा. सराव चालूच आहे. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घालताय.

उंटावरचा शहाणा
पिशवी मी नाही शिवली. विद्यार्थ्याला मार्क दिसले की सरावही परीक्षाच होतो. धागाकर्ता तेच म्हणतोय.

रात्रपाळी
मी रेसिडेंट आहे, विंगेतून यांच्या बाजूने. 'खरा पेशंट' म्हणून जो गौरव चाललाय तो वॉर्डात येऊन बघा. चांगली केस असली की सकाळपासून दहा जण तिलाच तेच विचारतात. आठवा पोहोचेपर्यंत पेशंटला हिस्ट्री तोंडपाठ झालेली असते. एका काकांनी मला सांगितलं होतं, 'यकृत उजवीकडे हाताला लागतं, दोन बोटं, सर तेच विचारतात.' नट आणखी कोण असतो?

आणि कॅन्सर झालाय हे आयुष्यात पहिल्यांदा सांगायची वेळ कुणावर करून बघायची? नटासमोर तुम्ही थांबून म्हणू शकता, 'चुकलं, पुन्हा सुरुवात करतो.' खऱ्या माणसाला ती बातमी एकदाच मिळते. मधे तोंड घालायची सवय तर वर्षानुवर्षांची आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं तेव्हा डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. ही सवय वॉर्डात कुणी काढत नाही, कारण तिथे सरही तेच करतात.

खडूस आजोबा
पेशंटच्या घरच्यांचंही ऐका. बायकोच्या आजारात एक पोरगेला डॉक्टर आला. खुर्ची ओढून बसला, मान कलती केली, 'तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?' असं विचारलं आणि मग गप्प बसला. शिकवलेलं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मला राग आला. पण मोठ्या डॉक्टरांनी तीच गोष्ट जिन्यात उभ्या उभ्या सांगितली होती, आणि मला आज नाव आठवतं ते या पोराचं. तरी त्यासाठी नट कशाला लागतो हे मला कळलेलं नाही. खुर्ची पुरे.

रात्रपाळी
आजोबा, गप्प बसायला शिकवावं लागतं. खुर्चीत बसूनही आम्ही बोलतच असतो.

स्टेथो विसरलो
विंगेतून, तुमचा नवरा दुपारपासून डोक्यातून जात नाही. आमच्याही एका स्टेशनला पेशंटशेजारी एक माणूस बसला होता. मला वाटलं, वेळ बघायला ठेवलाय. त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, बाहेर पाठवणं तर लांबच. त्या स्टेशनला मला पैकीच्या पैकी आहेत.