मदत हवी आहे: पाण्यात धातू नाही, गोगलगायीत मात्र आहे!

शिरोळकर_०७: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी द्यायचाय. पंचगंगेतल्या गोगलगायी एएएसला (धातूंचं प्रमाण मोजायची तपासणी) दिल्या होत्या. पाण्याच्या रिपोर्टात तांबं, शिसं, कॅडमिअम तिन्ही 'आढळले नाही'. गोगलगायीत तिन्ही आले, तांबं तर भरमसाट. सर म्हणतात लॅबनं घोळ घातलाय. खरं कुठलं धरू? लवकर सांगा.

पाणकोंबडी: कुठली जात? कवचासकट दिलीस की नुसतं मांस? आकडे ओल्या वजनावर की सुक्या?

शिरोळकर_०७: साधी, काळपट. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला मिळाली. नुसतं मांस. वजनाचं लॅबला विचारावं लागेल.

पाणकोंबडी: साधी म्हणजे काय रे? तोंडाला झाकण आहे का?

शिरोळकर_०७: आहे. त्यानं काय फरक पडतो?

बाबूराव_शेती: संध्याकाळी बांधाच्या कडेनं मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाका. २०२२ ला लातूर-बीडकडं सोयाबीन कोवळं असतानाच फस्त केलं यांनी. कुत्री, जनावरं लांब ठेवा.

शिरोळकर_०७: काका, मारायच्या नाहीत, तपासायच्यात.

निवृत्त_केमिस्ट: दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. बाटलीत त्या घटकेचं पाणी येतं. रात्री कुणी काही सोडलं आणि तू सकाळी बाटली भरलीस, तर ते कधीच वाहून गेलेलं. धातू गाळाला चिकटून राहतात आणि गोगलगाय तोच गाळ, दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. तांबं मात्र सोडून दे. गोगलगायीचं रक्तच तांब्याचं, त्यात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन. स्वच्छ झऱ्यातलीतही सापडेल. शिसं-कॅडमिअमचं शरीरात काही काम नसतं, ते बघ.

पाणकोंबडी: सगळ्यांचं नाही हो काका. चपट्या गुंडाळीची इंडोप्लॅनॉर्बिस चिरडली की लाल पाणी सुटतं, तिच्यात हिमोग्लोबिन, ते लोहाचं. म्हणून तर जात विचारत होते. झाकणवाली बहुधा बेलामिया. आणि तांबं का सोडायचं? मळ्यात मोरचूद फवारतात, ते तांब्याचंच, पावसात ते नदीतच उतरतं. वरच्या अंगाची तीच जात, तोच आकार शेजारी ठेवला की तांबंही बोलतं.

निवृत्त_केमिस्ट: त्यानं वरचा नमुना घेतलाय कुठं? नसेल तर तांबं बादच.

शिरोळकर_०७: वरचा नाही घेतला. सरांनी सांगितलंच नव्हतं.

कट्ट्यावरचा_बंड्या: आमच्या बंगाली शेजारीण गुगली म्हणून झणझणीत रस्सा करतात. या चालतील का?

पाणकोंबडी: इचलकरंजीच्या खालच्या? खा आणि कळव.

शिरोळकर, आणल्यावर एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवल्या होत्यास का?

शिरोळकर_०७: नाही, लगेच फॉर्मलिनमध्ये टाकल्या. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

पाणकोंबडी: म्हणजे आतड्यातला गाळही मोजला गेला. शिवाय फॉर्मलिनमध्ये धातू झिरपतात, आकडा खाली-वर होतो. बेलामिया पिल्लंच घालते. मादी उघडलीस तर आत मोहरीएवढी पिल्लं दिसतील, कवचासकट. ती चिमट्यानं काढली नाहीस तर 'नुसतं मांस' उरतच नाही. कोल्हापूरच्या वर प्रयाग चिखलीला जा, तिथल्या घे, उपाशी ठेव, मग थेट फ्रीझरमध्ये. खालच्याही तशाच नव्यानं घे.

शिरोळकर_०७: सोमवारपर्यंत होईल का हे?

निवृत्त_केमिस्ट: नाही. सरांकडं मुदत माग. आणि लॅबला ब्लँकचा, म्हणजे नमुना न घालता केलेल्या मोजणीचा, आकडा विचार, तो मागितल्याशिवाय देत नाहीत.